नागम्मा पडली नाही

भूमच्या बाजारात खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायला आणलेला बैल आडवा करायला आरडाओरडा लागत नाही. दोराचा एक फास पुढच्या पायांमागं, दुसरा मांड्यांपुढं, आणि मग हळू ओढत राहायचं. एवढं धूड गुडघे दुमडतं, म्हाताऱ्यासारखा सुस्कारा टाकतं आणि कुशीवर कलंडतं.

\*

'…पूर्णतः सक्षम असून सदर मार्गावर एकटीने टपाल वाटप करण्यास माझी कोणतीही हरकत नाही.'

\*

गाद्या चोवीस. बारा हिरव्या, बारा लाल. चपला जिन्यातच.

\*

तुरीच्या शेतात पडलेली किल्ली उभं राहून सापडत नाही. रांगावं लागतं.

\*

चार फूट आठ इंच. एकेचाळीस किलो, तेही जेवण झाल्यावर.

\*

जत्रेतली पहिली कुस्ती कधीच खरी नसते. ती पाहुण्याची.

\*

आता नीट, एकामागून एक.

अर्पिता भूमची. दहावीच्या गुणांवर टपालात ग्रामीण डाकसेविका म्हणून निवड झाली आणि नेमणूक मिळाली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, हायवेवरच्या जळकोटला. गावात खोली घेतली, जुनी स्कूटी घेतली. तिच्या वाट्याला गाव सोडून पलीकडच्या तीन वस्त्या आल्या. बँकेची पत्रं, आधार कार्डं, कोर्टाचे कागद, श्रावणात राख्या. वस्तीवरच्या बायका तिला 'एवढुशी पोष्टीन' म्हणायच्या. शेवटच्या वस्तीवरची कडूबाई तर तिच्याकडून पत्र वाचून घेतल्याशिवाय आणि वर तांब्याभर ताक पाजल्याशिवाय सोडत नसे. चोवीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपली वाट बघतं, हे अर्पिताला त्या रस्त्यानं शिकवलं होतं. तिचा त्या रस्त्यावर जीव होता.

रस्ता अमरसिंहाच्या शेताला लागून जायचा. अमरसिंह म्हणजे चाळीस एकरांचा बागायतदार, सहा फुटांचा गडी. त्याच्या बहिणीनं वाटणीसाठी कोर्टात दावा लावला होता. त्याची नोटीस अर्पितानं नियमाप्रमाणं त्याच्या वडलांच्या हातात दिली आणि सही घेतली. एवढाच तिचा गुन्हा.

नोव्हेंबर होता. तूर अर्पिताच्या डोक्यावर गेलेली, बाकीच्यांच्या खांद्याला. अमरसिंहानं रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावला होता. तो खाली उतरला, स्कूटीची किल्ली काढून घेतली आणि हात वर केला.

"आबाची सही घ्यायला कुणी सांगितलं तुला? घे किल्ली. घे की."

अर्पितानं उडी मारली.

ट्रॅक्टरवर दोन गडी बसले होते, ते हसले. तिनं परत उडी मारली. तीन वेळा. मग त्यानं किल्ली तुरीत भिरकावली. "आता रांग," म्हणाला.

किल्ली पाऊण तासानं सापडली. रांगल्याचं तिला पुढं कधी फारसं वाटलं नाही. किल्ली हरवली की माणूस रांगतंच. पण उड्या तिनं स्वतःला माफ केल्या नाहीत. पहिली समजू शकते. तिसरी का मारली?

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, तू आता हितं बसून शिक्के मार. तो रस्ता दगडोबा बघंल." दगडोबा हा साठीला टेकलेला डाकसेवक. तो आठवड्यातनं एकदा जायचा आणि तिन्ही वस्त्यांचं टपाल फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर ठेवून परत यायचा.

\*

लहान माणसानं काय शिकावं, यावर सगळ्यांकडं मत असतं.

पोस्टमास्तरांची बायको म्हणाली, तिखटाची पुडी ठेव. स्कूटीवर वारा नेहमी समोरून येतो. ते तिखट कुणाच्या डोळ्यात जाणार?

नळदुर्गात शाळेच्या मैदानावर कराटे चालायचं. तिथले सर म्हणाले, "छातीवर लाथ मार माझ्या." अर्पिताची लाथ त्यांच्या पट्ट्याला लागली. "येईल, येईल. हळूहळू येईल." "काय येईल सर, उंची?"

तायक्वांदोमध्ये लाथा त्याहून वर.

लाठी तिच्यापेक्षा वीतभर लांब निघाली आणि स्कूटीला बांधली तर वळणावर कुंपणात अडकायची.

तालमीतल्या वस्तादांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्यात फार वेळ गेला नाही. "बाई, तुझ्या वजनाची जोड लावायची तर शाळेतली पोरं बोलवावी लागतील. ती बी पाचवीतली."

मग तिनं भूमला फोन लावला. तिचे वडील बलभीम बाजारात बैलांना पत्र्या ठोकायचे. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तरी बाजाराच्या दिवशी दोर खांद्यावर टाकून जायचेच. ते पाच फुटांना दोन बोटं कमी. लहानपणी अर्पिता बाजारात उंच दगडावर बसून बघायची आणि बैल कलंडला की टाळ्या वाजवायची.

"आगं, मी केवढा हाय?" बलभीम म्हणाले. "तुझ्याच मापाचा की. बैल पाडायला ताकद लागत न्हाय. दोर कुठं आवळायचा, तेवढं ठावं पायजे."

आणि तिसऱ्या दिवशी, नळदुर्गात हायवेलगत टायरच्या दुकानावर ज्यूदोचा वर्ग चालवणारे शांतलिंग सर तिला म्हणाले, "मोठ्या माणसाच्या खाली शिरायचं. त्याचा हात आपल्या खांद्यावर, त्याचं वजन आपल्या पाठीवर, आणि वाकायचं. ताकद न्हाय, जागा. लोकांना खाली शिरायला गुडघे मोडावे लागतेत. तू तर आधीच खाली हायस."

दोन माणसांनी, एकमेकांना न ओळखता, एकच गोष्ट सांगितली होती. अर्पितानं नाव घातलं.

\*

सोमवार, बुधवार, शुक्रवार. संध्याकाळी पाच ते साडेसहा. मोठा ट्रक गेला की खिडक्यांच्या काचा वाजायच्या. मुलग्यांचा वर्ग सकाळी. आईबापांची कटकट नको म्हणून सरांनी मुलींचा वेगळा ठेवलेला. मुलींचा म्हणजे दोघींचा. अर्पिता आणि जाई.

जाई एकवीस वर्षांची, पाच फूट सात इंच, सत्तर किलो. तिच्या बापाचा धाबा होता. ती पोलीस भरतीची तयारी करायची, गोळा फेकायची, आणि बोलायला लागली की काचा ट्रकशिवायही वाजायच्या.

"अर्पे, तू म्हणजे शेंगाचटणी गं. एवढीशी, पण ठसका बघ."

"आणि तू?"

"मी भाकरी. मला कुणी बी थापतंय."

आणि खरंच, अर्पिता जाईला थापत होती. जाईचा उजवा हात धरायचा, वळायचं, पाठ तिच्या पोटाला लावायची, वाकायचं, आणि सत्तर किलोची जाई तिच्या डोक्यावरून जाऊन गादीवर धप्पकन आदळायची. "मेले गं आई!" म्हणत हसत पडून राहायची. सर टाळी वाजवायचे. "बैल पाडला, बैल!"

त्या आठ महिन्यांत अर्पिताची चाल बदलली. बाजारात पुढच्या माणसाच्या पाठीकडं बघून ती मनात म्हणायची, हा उजवा हात, इथं वळायचं. रांगेत कुणी धक्का दिला तर आधी मागं सरायची, आता वळून बघायची. घरमालकीण म्हणाली, "तू उंच झालीस का गं?" अर्पिता दोन दिवस त्या वाक्यावर जगली.

वर्ग सुटला की दोघी धाब्यावर शेवभाजी खायच्या. किल्लीची गोष्ट तिनं जगात एकट्या जाईला पूर्ण सांगितली होती. तिन्ही उड्यांसकट.

जुलैत अर्पितानं ठरवलं, रस्ता परत मागायचा. अर्ज लिहायला जाई खोलीवर आली. भरतीच्या अभ्यासानं तिला सरकारी मराठी चांगली येत होती.

"'मला आता भीती वाटत नाही,' असं लिहू?"

"खुळी का? भीती हा शब्दच नको. भीती म्हणलं की सायेब भितो. लिही, 'मी स्वसंरक्षणासाठी पूर्णतः सक्षम असून…'"

"पूर्णतः?"

"मग? अर्धवट सक्षम लिहितीस का?"

दोघी हसल्या. अर्पितानं 'पूर्णतः' लिहिलं. विसर्ग जरा मोठाच काढला.

अर्ज मंजूर झाला. एक ऑगस्टपासून तिन्ही वस्त्या तिच्या.

\*

बुधवार, तेवीस जुलै. जाई कागदपत्रांच्या कामाला धाराशिवला गेली होती. सर खाली टायरच्या दुकानात चहा पीत होते. वर अर्पिता एकटी, आणि गाद्या झाडायला येणारी नागम्मा.

नागम्मा सीमेपलीकडची, नवऱ्याबरोबर नळदुर्गात येऊन राहिलेली. पन्नाशीची, काटकी, अर्पितापेक्षा जेमतेम चार बोटं उंच. वजन असेल पंचेचाळीस.

"मावशी, जरा उभ्या ऱ्हाता का? एक डाव करून बघते. लागू देणार न्हाय."

"ऱ्हाते की. थांब, पदर खोचते."

नागम्मा उभी राहिली. अर्पितानं तिचा उजवा हात धरला, वळली, खाली शिरली, वाकली.

काही झालं नाही.

"मावशी, हात ढिला सोडा."

"ढिलाच हाय बाई. बांगड्या तेवढ्या संभाळ."

परत. पाय नीट, पाठ नीट, वाकली. नागम्मा तिच्या पाठीवर नुसती टेकली, जशी बसमध्ये गर्दीत माणसं एकमेकांवर टेकतात, आणि परत सरळ झाली. तिसऱ्यांदा अर्पितानं सगळा जीव एकवटला. दात आवळले, नरड्यातून आवाज निघाला. विहिरीच्या काठावरचा दगड हलवायला जावं तसं. नागम्मानं फक्त दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला, आधाराला.

"बाई, काय करायलीस सांग तरी."

"पाडतेय, मावशी."

"कुणाला?"

"तुम्हाला."

नागम्मा हसायला लागली. मग अर्पिताचं तोंड बघून थांबली.

"अय्यो! पडायचं होतं व्हय? आधी सांगायचं न्हाई का? जाईला सर सांगतेत तसं मला बी सांगितलं असतं तर पडले असते की."

"काय सांगतात सर जाईला?"

"म्या गाद्या झाडताना ऐकते की रोज. 'आज लगेच पडू नको, जरा झुंज दाव. मग पड.' चांगली पडते पोरगी. आवाज बी किती करती."

अर्पिता दोन पावलं मागं सरली. नागम्माला वाटलं, आपलंच काही चुकलं. भल्या मनाची बाई. तिनं साडी सावरली, एका हातानं गादी चाचपली, हळूच खाली बसली आणि आडवी झाली.

"हं," ती छताकडं बघत म्हणाली. "घे. पडले."

\*

सर जिना चढून आले तेव्हा त्यांच्या हातात चहाचा ग्लास होता. अर्पितानं विचारलं. त्यांनी आधी नागम्माकडं बघितलं. ती झाडू घेऊन कोपऱ्यात गेली होती.

"अगं, रीत असतीय आपली," सर म्हणाले. "जत्रंत पाहुणा पैलवान आला की पहिली कुस्ती आपला गडी मुद्दाम हरतो. आधी ठरलेलं असतंय. पाहुण्याचा मान. मग पुढं खऱ्या कुस्त्या."

"आठ महिने झाले सर. खरी कधी होती?"

सरांनी चहावर फुंकर मारली. चहा केव्हाच निवला होता.

"तू एवढी खुश व्हायचीस. आता सांगू, मग सांगू… आणि आत्मविश्वास पण लागतो की. नव्वद टक्के तोच असतो."

"आणि दहा टक्के?"

"हे बघ, स्पष्ट सांगतो. एका पोरीवर मुलींचा वर्ग चालत न्हाय. वर्ग न्हाय तर जाईला स्पर्धेत कोण उतरवतंय? तिला प्रमाणपत्र पायजे, भरतीत खेळाडूंच्या जागा असतेत. तू पहिल्या महिन्यात कंटाळून गेली असतीस तर तिचं वर्ष गेलं असतं."

"मला रस्ता पायजे होता सर."

"मला काय स्वप्न पडलं, तू खरंच जाणार म्हणून? मला वाटलं, लग्नाआधी पोरी शिकतेत काही बाही. मेंदी, केक. तशी येतीय."

सर वाईट माणूस नव्हते. हेच अर्पिताला जास्त लागलं. वाईट माणसानं काहीतरी काढून घेतलं की निदान काय गेलं ते कळतं.

पण सरांना ठाऊक नव्हतं, हे एक वेळ ठीक. जाईला ठाऊक होतं.

अर्पितानं जिन्यातूनच फोन लावला. पलीकडं एसटीचा आवाज.

"बोल गं चटणे!"

"'पूर्णतः' कुणी सांगितलं लिहायला?"

"काय?"

"नागम्मा पडली न्हाय, जाई."

पलीकडं कुणीतरी तिकिटाचे सुटे मागत होतं.

"अर्पे, ऐक. सरांनी सांगितलं म्हणून… मी चारदा म्हणलं त्यांना. तू अर्ज लिहीपर्यंत मला वाटलं सांगावं, पण तू इतकी… ऐक ना, एक गोष्ट तर ऐक—"

अर्पितानं फोन ठेवला. मग परत आला, परत, परत. तिनं जाईचा नंबर ब्लॉक करून टाकला.

त्या रात्री एकेक पडणं तिला आठवायला लागलं, आणि प्रत्येक पडणं आता उलट्या बाजूनं दिसायला लागलं. पडण्याआधी जाई श्वास आत घ्यायची. तिची टाच आधी उचलायची, मग अर्पिता वाकायची. हे सगळं तिनं बघितलं होतं. रोज बघितलं होतं. किल्लीच्या वेळी दोन गडी हसले होते, ते तोंडावर. इथं आठ महिने कुणी हसलं नाही, उलट टाळ्या वाजवल्या. अमरसिंहानं तिला तीन उड्या मारायला लावल्या होत्या. जाईनं किती?

\*

रविवारी ती दोन एसट्या बदलून भूमला गेली. बलभीम ओट्यावर दोर उकलत बसले होते. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"अण्णा, नवा बैल असला, ज्याला कधीच पाडलं न्हाय, तर त्याला तुम्ही एकटे पाडायचा?"

"नव्याला? छ्या! नव्याला चार माणसं लागतेत. एक शिंगाला, एक शेपटीला, दोघं दोराला. तरी एखादा लाथ घालतोच." त्यांनी नडगीवरचा जुना व्रण दाखवला.

"आणि बाजारात तुम्ही एकटे पाडायचा, ते?"

"ते जुने बैल. त्यांना ठावं असतंय. दोर लागला की बसायचं, म्हंजे लवकर सुटका. आपुन नुसतं दोर धरायचा."

"तुम्ही मला सांगितलं, ताकद लागत न्हाय."

"न्हाईच लागत. बसणाऱ्याला पाडायला कशाला ताकद?"

"हे सांगितलं न्हाईत कधी."

बलभीमांना पोरीच्या आवाजात काय आहे ते कळेना. ते दोराकडं बघत म्हणाले, "तू कधी इचारलं न्हाईस. आणि तू दगडावर बसून टाळ्या वाजवायचीस. आता टाळ्या वाजवणाऱ्या पोरीला कोण सांगंल?"

ती संध्याकाळच्या गाडीनं परत निघाली. आईनं बांधून दिलेल्या शेंगा गाडीतच राहिल्या.

\*

सोमवारी, अठ्ठावीस जुलैला, तिनं दुसरा अर्ज लिहिला. सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून दोन कागद फुकट गेले. पहिल्यावर तिनं खरं कारण लिहिलं. ते वाचलं तर ती दुसऱ्याच कुणाची तरी तक्रार वाटत होती. शेवटी तिनं लिहिलं, 'वैयक्तिक कारणास्तव सदर मार्गावर जाणे शक्य नाही.'

पोस्टमास्तरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "आता आता तर पूर्णतः सक्षम होतीस. आठवड्यात काय झालं?"

"काही न्हाय सर."

"अमरसिंह परत बोलला का काही?"

"न्हाय. तो नव्हता."

"मग कोण होतं?"

तिनं सहीसाठी पेन पुढं केलं. पोस्टमास्तरांनी सुस्कारा सोडला, अर्जावर सही केली. दगडोबानं वस्त्यांचा गठ्ठा तिच्या टेबलावरून उचलला. सगळ्यात वर कडूबाईचं पाकीट होतं, तिच्या सुरतेच्या भावाचं. टपरीवर चार दिवस पडणार, त्यावर चहाचे डाग पडणार, आणि वाचून दाखवायला कुणी नसणार.

"दगडोबामामा, हे तेवढं घरी नेऊन द्या."

"बघू की," दगडोबा म्हणाला. म्हणजे नाही.

एक ऑगस्टला, ज्या दिवशी ती त्या रस्त्यावर असायची होती, त्या दिवशी दुपारी पोस्टाच्या खिडकीसमोर जाई येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, हातात हेल्मेट. खिडकी कुणाच्याच सोयीची नव्हती. आत अर्पिता खुर्चीवर उशी घेऊन बसायची, आणि जाईला बाहेर वाकावं लागत होतं.

"अर्पे."

अर्पितानं शिक्का मारला.

"मी उद्यापासून तुझ्या मागं स्कूटीवर बसते. तिन्ही वस्त्या. रोज. भरती गेली खड्ड्यात."

शिक्का.

"न्हाय तर खरं शिकू. न पडता. रोज काय तू मला हलवू शकणार न्हाईस, पण खरं. बोल की गं काहीतरी. शिवी दे."

"काय पाहिजे?" अर्पितानं विचारलं. "तिकीट, पाकीट, का रजिस्ट्री?"

जाई तशीच वाकून उभी राहिली. ती खिडकीच्या लाकडावर नख घासत राहिली.

"पुढचे," अर्पिता म्हणाली.

मागं कुणीच नव्हतं.

\*

आदल्या वर्षी दोन डिसेंबरला, तिच्या वर्गाच्या पहिल्याच दिवशी, अर्पितानं जाईला खांद्यावरून पाडलं तेव्हा जाईला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. सरांनी तिला बाजूला घेऊन पडायला सांगितलं ते चार तारखेला.